गेम लावला की पीसी खट्कन बंद होतो? कार्ड बदलण्याआधी एवढं तपासा

सांगलीत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गेमिंग पीसींची एक तक्रार इतकी ठरलेली आहे की, पोरगा टॉवर काखेत धरून पायरी चढतानाच मला अंदाज येतो. "काका, दिवसभर चालतोय. गेम लावला की दहा मिनिटांत बंद. कार्ड गेलंय वाटतं." कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड, क्वचितच गेलेलं असतं. बहुतेक वेळा कार्डाला हव्या त्या क्षणी हवा तेवढा करंट पोचत नसतो. भिंतीतल्या सॉकेटपासून कार्डाच्या पिनांपर्यंतच्या वाटेत कुठेतरी खोट असते, आणि ती शोधायला सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही.

मागच्या दिवाळीत कुपवाडच्या एका मुलानं याच तक्रारीपायी चांगलं चालणारं कार्ड अर्ध्या किमतीत विकलं आणि नवं घेतलं. चौथ्या दिवशी नवं कार्डही तसंच बंद पडायला लागलं. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी बदलून देणारा टॉवरमधला डबा, कॅबिनेटबरोबर आलेला होता, त्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. वडिलांनी कष्टानं जमवलेले पैसे असे गेलेले बघून मला फार वाईट वाटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं नीट बघा

पीसी "बंद पडतो" हे सांगायला सोपं आहे, पण कसा बंद पडतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

लाईट गेल्यासारखा एका झटक्यात बंद होतो, पंखे थांबतात, आणि मागचं बटण काही सेकंद बंद करून परत चालू केल्याशिवाय सुरूच होत नाही: एसएमपीएसनं स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप घेतलाय. यात संशय सरळ एसएमपीएसवर किंवा त्याच्यावर पडणाऱ्या लोडवर.

बंद होऊन आपोआप परत सुरू होतो: एसएमपीएस, यूपीएस किंवा घरातली वायरिंग. कधी कधी प्रोसेसर अति तापल्यावरही असं होतं.

स्क्रीन काळी होते, कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरायला लागतात, हेडफोनमध्ये मात्र आवाज थोडा वेळ चालू राहतो: कार्डाची पॉवर तुटते आहे, किंवा कार्डातच बिघाड आहे. केबल तपासल्याशिवाय दोन्हींतलं काय ते ठरवता येत नाही.

गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, किंवा निळी स्क्रीन येते: हे बहुतेक ड्रायव्हरचं, रॅमचं किंवा ओव्हरक्लॉकचं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवण्याचं) काम असतं. एसएमपीएसवर पैसे घालण्याआधी ड्रायव्हर साफ काढून नव्यानं टाका आणि बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवायची सोय, बंद करून बघा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद बघून बरेच जण एसएमपीएसच गेला असं धरून चालतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. ती वेळ सांगते, कारण सांगत नाही. पण वेळ उपयोगाची असते, ती वहीत उतरवा. रोज रात्री ठरावीक वेळेलाच होतंय का, दुपारी उन्हातच होतंय का, फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना होतंय का, हे दोन-तीन दिवसांच्या नोंदींतून दिसायला लागतं.

फुकटातली पहिली तपासणी: भिंतीपासून टॉवरपर्यंत

यूपीएस, स्पाइक गार्ड, एक्सटेंशन बोर्ड सगळं बाजूला काढा आणि टॉवरची वायर थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटमध्ये लावून गेम खेळून बघा. बंद पडायचं थांबलं तर एसएमपीएसला हात लावायची गरज नाही.

हे पहिल्यांदा करायला सांगतो, कारण यूपीएसवरचा आकडा फसवतो. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटपर्यंतच लोड घेतो. त्यावर मॉनिटर, राउटर आणि गेम खेळणारा पीसी टाकला की तो लाईट असतानाही ओरडायला लागतो, आणि लाईट जाताच मान टाकतो. शिवाय साध्या यूपीएसला लाईटवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस तेवढा वेळ आतल्या कपॅसिटरवर काढतो, हलका काढत नाही. "यूपीएस असूनही लाईट गेली की पीसी रिस्टार्ट होतो" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा.

मग टॉवरला लागणारी वायर बघा. जुन्या मॉनिटरची बारीक वायर गेमिंग पीसीला लावलेली मी कितीदा बघितली आहे. पिन बसते, पीसी चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. वायरवर ०.७५ किंवा १ चौरस मिमी छापलेलं असावं. अर्धा तास गेम चालल्यावर पिनेजवळ हात लावा. पिन गरम लागत असेल तर वायर बदला. सॉकेटमध्ये पिन हलत असेल, चरचर आवाज येत असेल, तर सॉकेट वायरमनकडून बदलून घ्या.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. आर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते, नसेल तर बॉडीवर जवळजवळ अर्धं व्होल्टेज राहतं. आपल्याकडची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि पावसाळ्यात चालणारं आर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनला न्यूट्रल-आर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा.

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाचं प्रकरण मला अजून आठवतं. घर मळ्यात, लाईन शेतातल्या मोटारींबरोबरची. दिवसा पीसी छान, रात्री मोटारी सुरू झाल्या की बंद. मी तिथं जाऊन मीटर लावला तर २३० च्या जागी १६८ व्होल्ट. त्याच्या एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं, म्हणजे १६८ वर तो चालावा ही अपेक्षाच चुकीची. १०० ते २४० व्होल्ट इनपुटचा एसएमपीएस बसवला आणि त्याच लाईनवर तोच पीसी चालायला लागला. तुमच्या भागात रात्री दिवे मंद होत असतील तर लेबलवरची ही ओळ आधी वाचा.

उष्णता आणि धूळ

एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम टाका आणि गेम चालू असताना प्रोसेसर व कार्डाचं तापमान बघा. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ जात असेल तर पीसी स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो आणि तरी तापत राहिला तर बंद होतो, त्यात एसएमपीएसचा काही दोष नाही. कुलर साफ करा, प्रोसेसरवरची पेस्ट बदला.

एसएमपीएसचं तापमान मात्र बहुतेक वेळा कुठेच दिसत नाही, ते हातानंच बघावं लागतं. मार्केट यार्डजवळ दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाचा पीसी आला होता. एसएमपीएसच्या जाळीवर बोट फिरवलं तर बोट पिवळं झालं. हळदीची बारीक धूळ तेलकट थरासारखी पंख्याच्या पात्यांवर बसलेली, आणि पंखा हातानं ढकलल्याशिवाय फिरत नव्हता. पीसी चालू केल्यावर मागून जी गरम हवा आली तिला चक्क हळदीचा वास होता. ब्लोअरनं बाहेरूनच हवा मारून तो साफ केला आणि पीसी चालू राहिला. पण पंखा अडकून कितीतरी महिने तापलेले कपॅसिटर पहिल्यासारखे होत नाहीत. अशा कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं की वर्षभरात हा बदल.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवा, आणि टॉवरची वायर काढलेलीच असू द्या. एसएमपीएसचे स्क्रू खोलायचे नाहीत. का, ते शेवटी सांगतो.

कार्डाचा घास कमी करून बघा

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण फुकट आहे आणि दहा मिनिटांत बरंच काही सांगून जाते. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम टाका. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी ७० टक्क्यांच्या आसपास आणा, गेममध्ये ६० एफपीएसची (सेकंदाला ६० चित्रांची) मर्यादा लावा आणि जो गेम हमखास बंद पाडतो तोच खेळा.

आता पीसी बंद पडत नसेल, तर कार्ड जास्त करंट मागतं तेव्हाच गाडी अडते हे जवळजवळ नक्की झालं. तरीही पूर्वीसारखाच बंद पडत असेल, तर एसएमपीएस घ्यायची घाई करू नका. काही जण ७० टक्क्यांवर बंद पडायचं थांबलं म्हणून पीसी तसाच वापरत राहतात. नवा एसएमपीएस येईपर्यंत आठवडाभर ते ठीक आहे. त्याहून जास्त नको, कारण अपुरा एसएमपीएस कधी तरी जाताना मदरबोर्ड किंवा कार्ड बरोबर घेऊन जातो.

केबल, आणि त्यातली सगळ्यात घातक चूक

पीसी बंद करा, भिंतीतली वायर काढा, कार्डाची पॉवर केबल काढून परत बसवा. चिमटा अडकल्याचा टक् आवाज आला पाहिजे. काढलेली पिन उजेडात धरून बघा. पांढरं किंवा काळं प्लास्टिक एखाद्या छिद्राभोवती तपकिरी झालंय का, पिन आत ढकलली गेलीय का. तपकिरी डाग म्हणजे तिथं लूज कनेक्शन होतं आणि ते तापलं.

हिशोब असा: मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनेतून ७५, ८ पिनेतून १५०. कार्डाला दोन ८ पिना असतील तर एकाच केबलची दोन तोंडं दोन्हीकडे लावू नका. एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. साधारण २०० वॉटच्या वरच्या कार्डांत या एका बदलानं बंद पडायचं थांबलेलं मी बघितलंय. नव्या कार्डांची १६ पिनेची केबल पूर्ण आत गेलेली हवी, फट दिसता कामा नये, आणि पिनेजवळ लगेच वाकवायची नाही. आरटीएक्स ४०९० या कार्डाच्या अशाच पिना वितळल्याच्या घटना २०२२ मध्ये जगभर गाजल्या होत्या.

एसएमपीएसला ८ पिन नाही म्हणून साटा केबलवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलवरून) ८ पिन करणारा जोड मिळतो. तो लावू नका. साटाच्या एका कनेक्टरमधून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉट घ्यायची सोय आहे. त्याच्याकडून १५० मागितले की तो वितळतो, आणि मी हातात घेतलेल्या जळक्या केबलींत हे जोडच जास्त होते. ज्या एसएमपीएसला ८ पिनच नाही तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावणं ही त्याहून मोठी चूक. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकात कोणत्या पिनेत काय हे प्रत्येक कंपनी, कधी कधी प्रत्येक मॉडेल, वेगळं ठेवते. पिन बसते, बटण दाबलं की एसएसडी आणि हार्ड डिस्क एका क्षणात जातात. एका मुलाचे घरच्या लग्नाचे सगळे फोटो असे गेले, आणि मला त्यातलं काहीही परत आणता आलं नाही.

लेबल वाचा

एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता छापलेला असतो. मोठ्या अक्षरातला ४५० किंवा ५०० बघू नका, १२ व्होल्टच्या रकान्याखालचे अँपिअर बघा आणि त्यांना १२ नं गुणा. कुपवाडच्या त्या मुलाच्या एसएमपीएसवर ४५० लिहिलं होतं आणि १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. गुणाकार १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, आणि त्याचं कार्ड एकटंच १७० वॉटचं होतं. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले, ज्यांचा गेमिंग पीसीला फारसा उपयोग नाही.

तीनशे रुपयांचा मीटर

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर डिजिटल मल्टिमीटर आणा. एसएमपीएसची जुन्या पद्धतीची मोठी चार पिनेची मोकळी केबल घ्या, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब काळ्या वायरच्या छिद्रात, लाल प्रोब पिवळ्या वायरच्या छिद्रात. दोन प्रोब एकमेकींना टेकू देऊ नका. आधी डेस्कटॉपवर, मग गेममध्ये आकडा बघा. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. डेस्कटॉपवर १२.१ आणि गेममध्ये ११.३ दिसलं तर एसएमपीएस लोड घेत नाही, विषय संपला.

आकडा चांगला दिसला म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. कार्ड मिलिसेकंदाहूनही कमी वेळात सरासरीच्या बऱ्याच वर उडी मारतं आणि साध्या मीटरला ती दिसत नाही. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात ती चाचणीही तेवढ्यापुरतीच. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो, लोड घेतो की नाही ते त्यातून कळत नाही.

म्हणून खरा निकाल लागतो तो दुसरा एसएमपीएस लावून. मित्राचा, चांगल्या कंपनीचा, पुरेशा वॉटचा एक दिवस मागून घ्या, त्याच्या स्वतःच्या केबलींसकट. तक्रार गेली तर खरेदीला जा. राहिली तर बोर्ड किंवा कार्ड, आणि ते घरी बसून शोधायचं काम नाही.

घ्यायचा तर कोणता

आरटीएक्स ३०६० आणि आय-५ १२४००एफ हा जोड मी खूप बघतो. कार्ड १७० वॉट, प्रोसेसर पूर्ण जोरात ११७, बाकी सगळं मिळून ५०-६०. बेरीज साडेतीनशेच्या आत. तरी कार्डाची कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, कारण त्या क्षणिक उड्या, उन्हाळ्यातली ४० अंशांच्या आसपासची खोली आणि चार वर्षांनी म्हातारा होणारा एसएमपीएस हे सगळं त्यात धरलेलं असतं. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, तिथंही ५५०. ४०७० ला २०० लागतात, तिथं ६५०. ३०८० ला ३२०, तिथं ७५०. यात कंजुषी करू नका. जुनं ३०८० घेणाऱ्यांना मी ८५० सांगतो, कारण त्या कार्डाच्या उड्या मोठ्या आहेत.

५५० च्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात, म्हणजे ५४० वॉट. जवळजवळ सगळी ताकद कामाच्या ठिकाणी. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या नियमांत बसणारा मिळाला तर तोच घ्या. एवढ्या-तेवढ्या मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट लोड सोसायची अट त्या नियमांतच आहे. ८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे शिक्के किती वीज वाया जाते ते सांगतात. आत कपॅसिटर कसले आहेत ते सांगत नाहीत. त्यासाठी मी वॉरंटी बघतो. पाच-सात वर्षांची वॉरंटी देणाऱ्यानं आत काहीतरी बरं घातलेलं असतं.

पालक एक गोष्ट हमखास विचारतात: ७५० चा घेतला तर बिल वाढेल का? नाही वाढत. पीसी मागेल तेवढीच वीज एसएमपीएस घेतो.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

जळका वास, धूर, ठिणगी किंवा फट् असा आवाज आला तर परत चालू करून बघू नका. भिंतीतलं बटण बंद, वायर बाहेर. पीसी लावला की घराचा एमसीबी पडत असेल तर वायरमनला बोलवा. एमसीबी मोठा टाकून घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

एसएमपीएस कधीही उघडू नका, व्हिडिओ कितीही सोपा वाटला तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात. तो झटका जीव घेऊ शकतो. मीही ग्राहकाचा एसएमपीएस उघडून दुरुस्त करत नाही, बदलतो.

पुरात भिजलेला एसएमपीएस उन्हात वाळवून लावू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नदीकाठच्या घरांतून असे टॉवर आले होते. वरून कोरडे, आत ट्रान्सफॉर्मरच्या खाली गाळाचा थर तसाच. डेटा काढून घ्या, बाकी एसएमपीएस टाकून द्या.

आणि दुरुस्तीला जाताना नुसता टॉवर नेऊ नका. घरची पॉवर वायर बरोबर न्या, यूपीएसच्या लेबलचा आणि घरातल्या सॉकेटचा फोटो न्या, त्या वहीतल्या वेळा न्या, आणि कोणता गेम कोणत्या जागी बंद पडतो ते सांगा. दुकानात माझ्या चांगल्या सॉकेटवर, माझ्या जाड वायरवर तो पीसी तासन् तास चालतो, मुलगा ओशाळून घरी जातो आणि रात्री फोन येतो, "काका, परत बंद पडला." तेव्हा मी त्याला सांगतो की पीसी आणू नकोस, उद्या मीच मीटर घेऊन तुझ्या घरी येतो.